हमीचं तेल

॥ श्री ॥
कल्याण, आश्विन वद्य पंचमी, शके १८१२

स्वारीच्या चरणी मस्तक ठेवून नमस्कार. इकडे मामंजी, सासूबाई आणि मी, सर्व खुशाल आहोत. तिकडची खुशाली कळवीत जावी.

हे झालं रीतीचं. आता आपण दसऱ्याला सांगून गेलात तसं, तोंडानं बोलते तसंच लिहिते. मग मागाहून म्हणायचं नाही की सुमतीच्या पत्रात तिखट फार.

आपण गेलात त्याच दिवशी दुपारी आगबोट भाताची पोती घेऊन कोपरला गेली आणि ओहोटीच्या आत परतही आली. धोंडीबा तांडेल मुद्दाम ओटीपर्यंत सांगायला आला. "वहिनीबाय, आता इंजनाला कायेक रोग नाय. गुमान चालतंय." मामंजींनी लगेच चष्मा कपाळावर चढवला आणि हमीची थोरवी सांगायला बसले. हमी नसती तर एवढ्या कामाला कंपनीनं किती उकळले असते, हमी नसती तर बोट पंधरवडा बंदरात कुजली असती, वगैरे. मिठाच्या खात्यात जन्म घालवलेला माणूस, त्यांना शिक्क्याचा कागद देवाच्या जागी. ऐकून ऐकून आता त्यांचं पुढचं वाक्य मला आधीच पाठ असतं.

रखमाबाई मात्र अजून तोंड लपवून फिरते आहे. बिचारी! तांडेलाची बायको ती, खंडेनवमीला वल्ह्याची पूजा केली, नांगराची केली, मग इंजनालाच तेवढं उपाशी कसं ठेवायचं? हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पाणी वरून शिंपडायचं ते तेलाची खूण बघायच्या भोकातून सरळ आत ओतलं. मी विचारलं, अगं, असं का केलंस? तर म्हणते, "वरशी शिंपरलेला देवाला काय कलतंय? पोटान जावा लागतंय." पोटात गेलं आणि सगळं तेल ताकासारखं पांढरं झालं. आपल्याला मुंबईहून धावत यावं लागलं. मामंजी तिच्यावर भडकले, धोंडीबा भडकला. मी एकटीच तिला साखर द्यायला गेले होते, हे आपल्याला ठाऊक नसेल.

काल कमळाबाई हळदकुंकवाला आल्या होत्या. शेजारधर्म म्हणजे चौकशी, हे त्या जाणतात. म्हणाल्या, "बोट तुमची, तेलाचा डबा तुमच्या माजघरात, मग ते ओतायला मुंबईहून माणूस कशाला?" मी म्हटलं, पाच वर्षं इंजनाचं काही मोडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करणार, ही हमी. अट एवढीच की तेल बदलायचं ते कंपनीच्या दाखल्याच्या माणसानं. झाकण त्यानंच उघडायचं, काळं तेल त्यानंच काढायचं, नवं त्यानंच भरायचं आणि वर तारेला शिसं दाबून मोहर करायची. ती मोहर दुसऱ्या कुणी तोडली की हमी संपली. पहिल्या वर्षी त्यांचा माणूस मनाला येईल तेव्हा उगवायचा, म्हणून मामंजींनी अर्ज केला की तेल तुमचंच वापरतो, पण हात आमचे असू द्या. कंपनीनं लिहिलं, चालेल, तुमचा माणूस आमच्या माझगावच्या कारखान्यात शिकून दाखला घेऊ दे. म्हणून स्वारी सहा महिन्यांसाठी गेली.

कमळाबाई म्हणाल्या, "सहा महिने? हा दुसरा दसरा ना गं?"

मी पीठ चाळत होते, ते चाळत राहिले.

खरं सांगू का? मला त्यांचा राग आला नाही. दाखला घरी राहून तेल बदलायला काढला आणि दाखला मिळाल्यावर कंपनीनं माणूसच ठेवून घेतला. हात चांगला बसला म्हणे. हात चांगला आहे हे मला त्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. आता तेल बदलायचं झालं की कंपनी आपल्याला एक दिवस सोडते. म्हणजे माझा नवरा मला तेलाबरोबर मिळतो. हसू नये. मला हसू येत नाही.

दसऱ्याच्या सकाळी देवीच्या दर्शनाला म्हणून आपण मला बंदरावर नेलंत आणि बोटीत चढवलंत. सासूबाई काठावरच थांबल्या, त्यांना तेलाच्या वासानं मळमळतं. आपण म्हणालात, चाकी आवळताना पाना असा धरायचा, आणि माझा हात धरलात. उघड्या बंदरावर, धोंडीबासमोर, भर उजेडात! मी तेव्हा काही बोलले नाही. आपण एकेक सांगत होतात, इंजन कोमट असताना तेल काढावं म्हणजे गाळ तळाशी बसत नाही, तेलाची पेटी पुसायला जुनं धोतर घ्यावं म्हणजे सुतं सुटत नाहीत, भरून झाल्यावर जरा चालवून खूण पुन्हा पाहावी. मी सगळं ऐकत होते, पण लक्ष हाताकडे होतं. तरी गंमत बघा, एकही गोष्ट विसरले नाही.

पुढचं तेल पौषात म्हणालात. मी धोंडीबाला सहज विचारलं, लवकर काळं होत नाही का रे? तो म्हणतो, "तेल काय मानसाच्या मर्जीन काला होतंय, वहिनीबाय?" मेला, त्याला सगळं कळतं.

मामंजींच्या पत्रात माझ्यासाठी आशीर्वादाची एक ओळ असते, तेवढ्यावर भागत नाही. वेगळं पत्र पाठवावं. जागरणं करू नयेत. दूध घेत जावं.

आपली,
सुमती

॥ श्री ॥
कल्याण, पौष शुद्ध द्वादशी, शके १८१२

स्वारीच्या चरणी नमस्कार. मंडळी खुशाल. मामंजींचा खोकला बरा आहे. गूळ यंदा चांगला निघाला, आपल्याला वड्या दिल्या त्या फुटल्या नसतील अशी आशा.

आपलं पत्र पोचलं. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतात. आपण वड्या घेतल्यात आणि असलं पत्र लिहिलंत! तेलात पुन्हा पाणी सापडलं हे खरं. आपल्याला संक्रांतीला धावपळ करत यावं लागलं हेही खरं. पण धोंडीबाला आपण चारचौघांत बोललात ते बरं केलं नाहीत. त्याच्या घरात सात पिढ्या होड्या हाकल्या जातात. आपण गेल्यावर तो दोन दिवस जेवला नाही असं रखमाबाई सांगत होती. तिच्याजवळ एवढंच म्हणाला, "आमचे वल्ह्याला कुनी हमी देली नाय, न कुनी पानी बी वतला नाय."

आपण लिहिता, तिसऱ्यांदा पाणी सापडलं तर कंपनीला खरं कळवावं लागेल आणि हमी रद्द होईल. बरोबर आहे. आपल्याला खोटं लिहायला लावणं वाईटच. तिसऱ्यांदा सापडणार नाही, हा शब्द माझा. पण धोंडीबाला दोष देऊ नये आणि रखमाबाईलाही नाही. ती आता त्या भोकाकडे बघतसुद्धा नाही. दोष आपल्या घरातला आहे. नाव विचारू नये.

मी नव्हे. म्हणजे मी असते, पण नव्हे. उगाच कोड्यात कशाला बोलू, सांगून टाकते. चमचाभर पाणी तेलात गेलं की स्वारी घरी येते, एवढं मला दसऱ्यानं शिकवलं होतं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पौषात येणार म्हणून बोटं मोजत होते, तर आपलं पत्र आलं की तेल अजून महिनाभर चालेल, माघात बघू. त्या दिवशी माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. सकाळी देवीला जाते म्हणून तांब्या भरून घेतला आणि बंदराची वाट धरली. मनात म्हणत होते, सुमे, हे बरं नव्हे, मामंजींचा जीव आहे त्या इंजनात. आणि पाय पुढेच पडत होते.

बंदरावर पोचले तर बोटीच्या फळीवरून कुणीतरी खाली उतरत होतं. एका हातात रिकामा तांब्या, दुसऱ्या हातानं नाकाला पदर लावलेला. मला पाहून ती व्यक्ती जागच्या जागी उभी राहिली. मीही. तिनं माझ्या भरल्या तांब्याकडे पाहिलं, मी तिच्या रिकाम्या तांब्याकडे. मी माझा तांब्या वडाला ओतून टाकला. दोघी घरी आलो. उंबरठा ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "डाळ शिजत घातलीस का गं?"

बघा, नाव लिहून बसले! आता खोडत नाही. खोडलं तरी आपण उजेडाला धरून वाचाल.

त्यांना रागावू नये, माझी शपथ आहे. आपण एकुलते एक. संक्रांतीला आपण जेवायला बसलात तेव्हा त्या वाढायच्या थांबून नुसत्या आपल्या पाठीकडे बघत उभ्या होत्या, आपण पाहिलं नाहीत. मी पाहिलं. सासू आणि सून एकाच गोष्टीसाठी झुरतात आणि एकमेकींना भाजीत मीठ कमी म्हणून बोलतात, असं आमचं चाललं आहे.

आता माझं गाऱ्हाणं. त्या दिवशी आपण दोनदा भात मागून घेतलात, पण एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. काल मामंजींनी आपलं पत्र ओटीवर मोठ्यानं वाचलं. त्यात शेवटी, मिठागरांच्या चौकशीनंतर आणि नवी छत्री घेतल्याच्या बातमीनंतर, एक ओळ, की साहेब कराचीचं काही बोलत आहेत. मामंजींनी ती ओळ वाचली आणि पुढे छत्रीचंच बोलत राहिले. मी आत दळत होते. जातं थांबलं तर कळेल म्हणून थांबवलं नाही, पण दळलेलं पीठ जाडंभरडं निघालं. सासूबाईंनी ते तसंच डब्यात भरलं.

कराची म्हणजे गाडीनं जायचं गाव नव्हे. तिथून कुणी तेल बदलायला एक दिवस येत नाही.

खरं काय आहे? मला लिहा. मामंजींच्या पत्रात छत्रीखाली लपवून नको, माझ्या पत्रात लिहा. मी वाचायला शिकले ते आपल्या हट्टानं. आपण मला अक्षरं गिरवायला लावलीत तेव्हा आळीतल्या बायका हसत होत्या. ती अक्षरं मी काय हमीचा कागद वाचायला शिकले?

फार लिहिलं. हात दुखतो. खरं म्हणजे हात दुखत नाही.

वाट पाहणारी,
सुमती

॥ श्री ॥
कल्याण, फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८१२

नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. खरं लिहिलंत, उपकार झाले. तीन वर्षं कराची, पाडव्यानंतरच्या बोटीनं निघणं. तिथं कंपनीच्या आगबोटींवर देखरेख, पगार वाढून, राहायला खोली. बायकांना न्यायची सोय नाही. इथल्या बोटीच्या तेलाला तोवर कंपनीचा दुसरा माणूस येणार. हे सगळं मी समजून घेतलं असतं. पण पुढे जे लिहिलंत ते घशाखाली उतरत नाही. आपण लिहिता, "नाही म्हटलं तर साहेब दाखला काढून घेतील, दाखला गेला की आपल्या बोटीची हमीही गेली. तीर्थरूपांचा जीव त्या हमीत आहे. बोटीसाठी जावं लागत आहे, एरवी मला काय हौस?"

हे वाक्य मी माजघरात वाचलं, विहिरीवर वाचलं, आणि शेवटी सासूबाईंना वाचून दाखवलं. हो, दाखवलं. पत्र माझं होतं, पण मुलगा त्यांचा आहे.

त्या सुपारी कातरत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता आपल्यामुळे जातो आहे म्हणायचा." मग बराच वेळ नुसती सुपारी कातरली. एवढी सुपारी आमच्याकडे कुणी खात नाही. शेवटी विचारलं, "तुला येतं का गं ते तेल बदलायला?"

मी म्हटलं, येतं.

"पाहिलंस की केलंस?"

म्हटलं, पाहिलंय. पाना एकदा धरला आहे.

"मग चल," म्हणाल्या. अडकित्ता तसाच हातात.

आता जे झालं ते क्रमानं सांगते, म्हणजे मामंजींच्या पत्रात तिखटमीठ लावून आलं तरी आपल्याला खरं ठाऊक असेल. मंगळवारची गोष्ट. बोट सकाळची फेरी करून नुकतीच धक्क्याला लागली होती, इंजन कोमट होतं. कंपनीच्या तेलाचा डबा मी डोक्यावर घेतला, मामंजींचं जुनं धोतर काखेत. आम्ही दोघी भर बाजारातून चालत गेलो. कमळाबाई दारात तांदूळ निवडत होत्या, त्या सूप टाकून मागोमाग आल्या. बंदरावर गवताच्या गंज्या उतरत होत्या, तिथले हमालही थांबले. धोंडीबानं आम्हाला फळीवर पाहिलं आणि विचारलं, "काय, तेलान आजून काय वतायचा हाय?" सासूबाई म्हणाल्या, "ओतायचं नाही. काढायचंय." त्यांनी नाकाला पदर लावला नव्हता. मळमळत असणारच. तोंड पांढरं पडलं होतं.

मी झाकणापाशी बसले. तारेचा वेढा आणि त्यावर ते चपटं शिसं. आपण संक्रांतीला आपल्या हातानं दाबलेलं. मला त्याला हात लावायचा धीर होईना. वाटलं, यानंच तर आपल्याला दर खेपेला इथं आणलं. हे तोडलं की कंपनी कुणालाच पाठवणार नाही, आपल्यालाही नाही. एवढा एकच दोरा माझ्या हातात, तो मीच कापायचा? मी रडायला लागले, तिथंच, सगळ्यांदेखत. सासूबाई खाली वाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "तो तेलासाठी येतो तेव्हा अर्धा येतो, पोरी. मी मोजलं आहे." आणि त्यांनी तार अडकित्त्यात धरून कट्‌कन तोडली.

नेमके तेवढ्यात मामंजी आले. त्यांना कुणीतरी वर्दी दिली असावी, कारण पायांत जोडा नव्हता. धक्क्यावरून ओरडले, "अगं ए! हमी! हमी गेली!" एवढा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. मी डोक्यावरचा पदर ओढून तशीच बसले. वाटलं, आता माझं माहेरी जाणं ठरलं.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, चारचौघांत मामंजींच्या समोर त्या बोललेल्या मला आठवत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही नऊ वर्षं उरणच्या मिठागरांवर होता. सरकारी काम आहे म्हणत होता. मी तेव्हा लहान होते, गप्प बसले. तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा मुलगा तुम्हाला ओळखत नव्हता, ओटीवर कोण आलंय म्हणून आत सांगायला आला होता. आठवतं का? आता त्याचं तसं व्हायला नको मला. इंजन मोडलं तर माझ्या पाटल्या आहेत."

मामंजी फळीवरून आत आले. मला वाटलं, पाना हिसकावून घेणार. त्यांनी धोतर सावरलं आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. श्वास लागला होता. बसून राहिले. मी झाकण काढलं, तळाचा नळ सोडला, काळं तेल घमेल्यात उतरलं. पेटी पुसली. त्यांचंच धोतर आहे हे त्यांनी ओळखलं. नवं तेल ओतायला लागले तेव्हा म्हणाले, "खुणेच्या वर भरू नकोस, सूनबाई. फेस येतो."

एवढंच बोलले. मी खुणेला थांबले. चाक्या आवळल्या, हात आपण धरला होतात तसाच धरला, या खेपेस माझा मीच. धोंडीबानं वाफ सोडली, जरा चालवलं, मी खूण पुन्हा पाहिली, तेल बोटभर उतरलं होतं ते भरलं. मग बोट कोपरपर्यंत जाऊन आली आणि आम्ही तिघंही तीत होतो. सासूबाईंना वाटेत दोनदा उलटी झाली. तरी परत येताना खाडीकडे बघत म्हणाल्या, बरं वाटतं गं वाऱ्याला. मामंजी इंजनाला कान लावून उभे होते. घरी आल्यावर त्यांनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, की मोहर आम्ही स्वतः तोडली, तेल आम्ही स्वतः बदललं, आपली हमी आम्हाला नको. तीन वेळा मसुदा केला. शेवटी सही केली. ते पत्र याच टपालानं जातं आहे. त्यांना अजून वाईट वाटतं. काल जेवताना आपणहून म्हणाले, "तेल तेच, माप तेच, इंजनाला काय कळतं कुणाचा हात आहे ते." ते स्वतःचीच समजूत घालत होते, मी आमटी वाढली.

तेव्हा आता ऐकावं.

बोटीसाठी कराचीला जायचं कारण उरलेलं नाही. हमी नाही, म्हणजे दाखला राहिला काय आणि गेला काय. साहेबांनी तो काढून घेतला तर खुशाल घेऊ दे.

जायचंच असेल तर जावं. मोठी इंजनं आहेत, समुद्र आहे, आपल्याला हौस असेल. पुरुषाला असते, मी मूर्ख नाही. माझगावच्या गोष्टी सांगताना आपले डोळे कसे होतात ते मी पाहिलं आहे. तशी हौस असेल तर तसं लिहा, मला हौस आहे सुमती, म्हणून जातो. मी रडेन, सासूबाई रडतील, मग डोळे पुसून तीन वर्षांचं लोणचं बांधून देऊ. पण आमच्या नावावर जाऊ नये. जाताना कनवटीला आमच्यावरचा उपकार बांधून जाऊ नये. तो फेडायची ताकद मला नाही.

आणि हौस नसेल, तर?

मी पत्र इथं थांबवून दोनदा उठून आले. लिहायला लाज वाटते, पण आता बंदरावर सगळ्यांदेखत रडून झालं आहे, लाज कुठली धरू? मला आपली फार आठवण येते. सकाळी उठल्यावर येते, पाणी भरताना येते. आपण ओटीवर खाकरायचात तो आवाज ऐकू आला असं वाटून मी कितीदा पोळी करपवली आहे. आपण येता त्या दिवशी मी दिवसभर कामात असते, आपण बंदरावर असता, आणि बोलायचं म्हणून ठरवलेलं सगळं तसंच राहतं. मला एक दिवस नको. मला आपण रोज हवे आहात, चिडलेले, पडसं झालेले, भात मागून घेणारे, कसेही.

यापुढे तेल काळं झालं म्हणून मी कधी लिहिणार नाही. काळं झालं तर मी बदलीन. घरात सगळं ठीक चालतं, मामंजी आहेत, धोंडीबा आहे, पाना माझ्या हाताला बसला आहे. आपल्यावाचून बोटीचं काही अडत नाही.

माझं अडतं. या.

सुमती